मान एकाचा, सही दुसऱ्याची

मार्गशीर्ष संपत आला की लातूर जिल्ह्यातील शेतकरी वेळा अमावास्येच्या तयारीला लागतो. शिवारात कडब्याची कोप उभी राहते, आंबिलाची मडकी भरली जातात. नेमक्या त्याच सुमारास नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. लोहा तालुक्यातील हे एरवीचे लहानसे गाव त्या काही दिवसांत घोडे, गाढवे, उंट, बैल आणि माणसे यांनी फुलून जाते. देवस्वारी निघते, कुस्त्यांचा फड रंगतो आणि जिल्हा परिषदेच्या वतीने पशुप्रदर्शन भरते. त्यात तांबड्याभडक लाल कंधारी वळूंच्या आणि काळ्यापांढऱ्या देवणी गायींच्या रांगा लागतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून या सोहळ्याचे वृत्त येते. उद्घाटन कोणी केले, व्यासपीठावर कोण होते, आभार कोणी मानले याचा तपशील त्यात असतो. क्वचित विजेत्या वळूचे छायाचित्रही असते. मात्र त्या वळूला बांधण्यासाठी पहाटे खुंट कोणी ठोकले, पाण्याचे टँकर कोणी अडवून धरले, बुजलेल्या खोंडाला गर्दीतून कोणी बाहेर काढले, याची नोंद त्यात सापडत नाही.

ही माणसे आहेत तरी कोण? या प्रश्नाकडे आपण आजवर गंभीरपणे पाहिलेले नाही. माळेगावसारख्या मोठ्या यात्रेमागे जिल्हा परिषदेची यंत्रणा असते. परंतु नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावोगावच्या लहान जत्रा, जनावरांची प्रदर्शने आणि बैलांच्या शर्यती ज्यांच्या बळावर पार पडतात ते शासनाचे नोकर नसतात आणि त्यांना मानधनही मिळत नाही. 'यात्रा कमिटी' या सैल नावाखाली दहा-वीस माणसे एकत्र येतात, पंधरा दिवस घरचे काम बाजूला ठेवतात आणि यात्रा उलगली की पुन्हा आपापल्या शेतात किंवा दुकानात जातात. ग्रामीण महाराष्ट्रातील बिनपगारी सार्वजनिक कार्याचा हा एक जुना आणि भक्कम प्रकार आहे. आता मात्र कायद्याने त्याच्या खांद्यावर एक नवे ओझे ठेवले आहे, आणि ते नेमके कोणाच्या खांद्यावर पडते याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

बैलांच्या शर्यतींचा इतिहास पाहिला म्हणजे या ओझ्याचे स्वरूप कळते. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांना खेळ-प्रदर्शनासाठी शिकवता येणार नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती लगेच अडली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. हे करताना नियमांची कसोशीने अंमलबजावणी व्हावी आणि तिची जबाबदारी जिल्हा प्रशासनाने घ्यावी, असेही पीठाने बजावले. विदर्भाच्या बाजूला ज्याला शंकरपट म्हणतात आणि पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत, तो खेळ याप्रमाणे पुन्हा कायद्याच्या चौकटीत आला.

या चौकटीत शिरायचे म्हणजे आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, अनामत भरायची आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करून घ्यायची. धाव एक हजार मीटरच्या आत ठेवायची. चाबूक, काठी, विजेचा झटका यांतले काहीही बैलाच्या अंगाला लागू द्यायचे नाही, आणि सर्व प्रकाराचे चित्रीकरण करून ठेवायचे. १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये दंड होता. राज्याच्या दुरुस्तीत शर्तभंगाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. नियम कडक आहेत यात वावगे काही नाही. मुक्या जनावराच्या बाजूने बोलायला दुसरे कोणी नसते. तेव्हा कायद्याने बोलायलाच हवे. प्रश्न आहे तो आयोजक कोणाला म्हणायचे हा.

व्यवहारात काय घडते ते कोणत्याही तालुक्याच्या चौकात लागलेल्या फलकावर दिसते. फलकावर सर्वांत मोठा चेहरा असतो तो आश्रयदात्याचा, त्याखाली त्याच्या पक्षातील श्रेष्ठींचे चेहरे, त्याखाली 'निमंत्रक', 'स्वागतोत्सुक', 'सौजन्य' अशा पदव्यांची रांग. अर्जाच्या कागदावर मात्र यांपैकी एकही नाव असेलच असे नाही. तेथे सही असते ती गावातल्या एखाद्या होतकरू तरुणाची. तो बहुधा अल्पभूधारक असतो, बैलांवर त्याचा जीव असतो आणि कागदातील अटींचा अर्थ त्याला कोणी नीट समजावून सांगितलेला नसतो. शर्यत निर्विघ्न पार पडली तर हार आश्रयदात्याच्या गळ्यात पडतो. गर्दीत बैल घुसला, कोणी जखमी झाले किंवा चित्रीकरणात चाबूक दिसला, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्या सही करणाऱ्याला चढाव्या लागतात. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. येथे नागोबा बिळात राहतो आणि बीळ खणणाऱ्याच्या नावावर सातबारा चढतो, इतकाच फरक.

म्हणून या बिनपगारी कारभाऱ्यांची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक ठरते. मराठवाड्यातील जनावरांचा व्यवहार कधीच एका जातीचा किंवा एका वर्गाचा नव्हता. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ यांचे तांडेच्या तांडे बैलांच्या पाठीवर लादून दख्खन पालथे घालणारे बंजारे याच मुलखातून जात, आणि त्यांचे वंशज आजही नांदेड-लातूरच्या तांड्यांत राहतात. बैलाच्या खुरांना पत्री ठोकणारा नालबंद बहुधा मुसलमान असे. दावे, कासरे आणि मोरक्या यांचे दोर वळणे हे मातंग समाजाचे परंपरागत काम होते, आणि पटाला रंग चढवणारी हलगीही त्यांच्याच हाती असे. बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा जुळवणाऱ्या दलालाला जनावराचे दात, खूर आणि चाल एका नजरेत कळे. सालगडी मालकाच्या बैलांना स्वतःच्या मुलांप्रमाणे सांभाळी. बैल त्याच्या मालकीचे नसत, पण ते ओळखत त्यालाच. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार नावारूपाला आला तो या सर्वांच्या ज्ञानाच्या बेरजेतून.

काळाप्रमाणे या मंडळीत नव्या माणसांची भर पडली. निवृत्त प्राथमिक शिक्षक कमिटीचा पत्रव्यवहार आणि हिशेब पाहू लागला. सहकारी सोसायटीचा सचिव कचेरीतील कोणत्या मेजावर कागद अडतो हे सांगू लागला. पशुधन पर्यवेक्षक सुटीच्या दिवशी आपणहून हजर राहू लागला, आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून गेलेली मुले आपल्या गावच्या प्रदर्शनात परीक्षकाचे काम करू लागली. टेम्पोचा मालक भाडे न घेता जनावरे आणून पोहोचवतो, मंडपवाला अर्ध्या दरात कनाती देतो. ज्या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ पाहिला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप सोसला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या प्रदेशातील माणसांना वेळप्रसंगी एकत्र येऊन काम वाटून घेण्याचे शिक्षण कोणी वेगळे द्यावे लागत नाही. संकटात जी माणसे न बोलावता पुढे होतात, तीच बहुधा यात्रेतही पुढे असतात.

हे सर्व ज्ञान आता झपाट्याने आटत चालले आहे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैलांची संख्या दीड कोटीहून अधिक होती. २०१९ च्या गणनेत ती एक कोटी चाळीस लाखांच्या आत आली. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले, हे एक कारण सर्वांना दिसते. दुसरे तितकेसे दिसत नाही. लातूर परिसरात सोयाबीनने शिवार व्यापले, ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या भुसकटावर बैलजोडी पोसता येत नाही. तिसरे कारण २०१५ नंतरचे. बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही. त्यामुळे नवी जोडी घेताना जुन्या जोडीच्या पैशाचा जो आधार असे, तोही गेला. त्या बंदीच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणाचे काहीही मत असो, शेतकऱ्याच्या हिशेबातील ही वजाबाकी नाकारता येत नाही.

अशा स्थितीत लाल कंधारी आणि देवणी या जातिवंत वाणांचे जतन कोण करणार? लाल कंधारी अल्प चाऱ्यावर तग धरणारा, उन्हातान्हात ओढकाम करणारा. देवणी दूध आणि काम दोन्हींना उपयोगी. तिच्यातही वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगावरून ओळखले जाणारे प्रकार. शासकीय प्रक्षेत्रे आणि विद्यापीठे आपले काम करतात. पण वाण टिकतो तो गोठ्यात. गोठ्यातल्या माणसाला आपल्या वळूची किंमत कळते ती चार गावांच्या वळूंशेजारी त्याला उभा केल्यावर. म्हणून प्रदर्शन किंवा पट हा नुसता तमाशा नव्हे. निवड, तुलना आणि पैदास यांची ती खुली शाळा आहे. ही शाळा चालवणारे मास्तर कोण आहेत, याकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. उत्तर अमेरिकेत गुराख्यांच्या कसबाचे जे मेळे भरतात त्यांना 'रोडिओ' म्हणतात. न शिकवलेल्या घोड्यावर मांड ठोकणे, पळत्या वासराला फास टाकून धरणे असे खेळ त्यांत असतात. वायोमिंगमधील शायेन येथील मेळा १८९७ पासून चालत आला असून त्याची भिस्त आजही बिनपगारी स्वयंसेवकांवर आहे. कॅनडातील कॅलगरी येथे १९१२ मध्ये पहिला 'स्टँपीड' भरला, तेव्हा चार धनाढ्य पशुपालकांनी पैसा उभा केला. परंतु मेळ्याची मांडणी त्यांनी गाय वीडिक या माणसावर सोपवली, कारण तो स्वतः फासाचे खेळ करीत हिंडलेला होता. पैसा देणाऱ्याने पैसा दिला आणि रिंगण जाणणाऱ्याने रिंगण आखले. आश्रय आणि अधिकार यांतील हा भेद आपल्या आश्रयदात्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

तेथेही सर्व काही सुरळीत होते असे मात्र नव्हे. १९३६ मध्ये बॉस्टन येथील मेळ्यात तिकिटांचा पैसा भरपूर जमत होता. पण ज्यांची हाडे मोडत त्या खेळाडूंना मिळणारे बक्षीस तुटपुंजे होते. तेव्हा त्यांनी काम थांबवले, आपल्या मागण्या मान्य करून घेतल्या आणि स्वतःची संघटना काढली. तिला त्यांनी कासवाचे नाव दिले. आपण एकत्र यायला कासवासारखे सावकाश निघालो, पण अखेर मान बाहेर काढली, असा त्यामागचा भाव. १९४८ मध्ये टेक्सासमधील ३८ स्त्रियांनी, या खेळात आपल्याला नुसते शोभेला उभे केले जाते हे पाहून, आपली वेगळी संघटना स्थापन केली. कष्ट करणारा आणि मान घेणारा यांच्यातील अंतर तेथेही होते. कष्ट करणाऱ्यांनी नियमांच्या आणि संघटनेच्या बळावर ते कमी केले.

आपल्याकडे या दुसऱ्या उदाहरणाचा विचार तर सुरूही झालेला नाही. वैरण-पाणी, शेणघाण, धारा काढणे, आजारी वासराला रात्रभर जागून औषध पाजणे ही कामे घरोघर स्त्रिया करतात. पोळ्याला बैलांना ओवाळतात त्याही त्याच. प्रदर्शनात मात्र दोरी पुरुषाच्या हातात असते, प्रमाणपत्रावर नाव पुरुषाचे असते, आणि कमिटीच्या यादीत स्त्रीचे नाव शोधूनही सापडत नाही. गाय कोणत्या दिवशी माजावर आली, किती दूध देते, तिचे आधीचे वासरू कसे निघाले, हे जिला तोंडपाठ असते तिला निवडीच्या वेळी विचारायचे नाही, याला शहाणपण म्हणता येणार नाही.

आश्रयदात्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. पुढाऱ्याशिवाय बक्षिसाची रक्कम जमत नाही, बंदोबस्त मिळत नाही, तहसील कचेरीतील कागद हलत नाही. मग त्याचा चेहरा फलकावर आला तर बिघडले काय? बिघडत काहीच नाही. ज्याने पैसा दिला त्याचे आभार मोकळ्या मनाने मानावेत. परंतु आभार मानणे वेगळे आणि निर्णय त्याच्या हाती देणे वेगळे. दुपार झाली, बैल तहानले आहेत, पाहुण्यांची गाडी अजून आलेली नाही आणि त्यांच्यासाठी शर्यत खोळंबली आहे, अशा वेळी 'आता सुरू करा' किंवा 'आता थांबवा' हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? तो जनावर जाणणाऱ्याचा नसेल, तर नियमांच्या सर्व पानांचा उपयोग शून्य. दुसरा एक वर्ग म्हणतो की हे सारे शासनाकडेच सोपवावे. २०२२ मध्ये नांदेड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षी लम्पी रोगाच्या साथीमुळे राज्यात गुरांचे बाजार, प्रदर्शने आणि शर्यती यांवर निर्बंध आले. अधिकारी आदेश काढू शकतो, आणि साथीच्या काळात ते काढायलाच हवेत. परंतु आदेश गोठ्यापर्यंत पोहोचवायला, बाधित जनावर वेगळे बांधायला आणि शेजाऱ्याची समजूत घालायला गावातलाच माणूस लागतो. बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याला ही ओळख पंधरा दिवसांत होत नाही.

तेव्हा उपाय शोधायचा तो या बिनपगारी मंडळीला दूर सारून नव्हे, तर तिला तिचे स्थान देऊन. त्यासाठी नवा कायदा नको. पहिली गोष्ट अशी की, परवानगीच्या अर्जावर ज्याची सही, तोच यात्रेचा किंवा शर्यतीचा अध्यक्ष मानावा. आणि ज्याला फलकावर निमंत्रक म्हणून झळकायचे आहे त्याने अर्जावरही सही करावी. मान आणि जबाबदारी एकाच कागदावर आली की पुष्कळशी गर्दी आपोआप ओसरेल. दुसरी, कमिटीतील प्रत्येकाचे नाव, गाव, व्यवसाय आणि त्याच्याकडे सोपवलेले काम मैदानाच्या दाराशी ठळक अक्षरांत लावावे. पाणी कोणाकडे, बैलांची तपासणी कोणाकडे, गर्दी कोणाकडे, हे प्रेक्षकालाही कळले पाहिजे. तिसरी, निम्मी कमिटी तरी प्रत्यक्ष जनावरे सांभाळणाऱ्यांची असावी, आणि त्यांत सालगडी व स्त्रिया यांना डावलू नये. चौथी, जमाखर्च यात्रेनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. देणगीचा आकडा ज्या ध्वनिक्षेपकावरून जाहीर होतो, त्यावरूनच खर्चाचा आकडा जाहीर व्हायला कोणाची हरकत असू नये. पाचवी, रिंगणात उतरणाऱ्या स्वयंसेवकांचा विमा कमिटीने त्याच जमेतून उतरवावा. बैलाची तपासणी होते आणि त्याला आवरणाऱ्याची विचारपूसही होत नाही, हे बरे नव्हे.

या पाचही गोष्टी जिल्हाधिकारी परवानगी देताना सहज सुचवू शकतात, आणि जिल्हा परिषद आपल्या प्रदर्शनांतून त्यांचा पायंडा पाडू शकते. माळेगावपासून सुरुवात झाली तर नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांपुढे उदाहरण उभे राहील.

यात्रा उलगल्यावर दुसऱ्या दिवशी त्या माळावरून गेलेल्या कोणालाही हे दृश्य परिचित आहे. मंडप उतरलेला असतो, फलक वाऱ्याने फाटलेला असतो, पाहुण्यांच्या मोटारींच्या चाकोऱ्या तेवढ्या राहिलेल्या असतात. चार-दोन माणसे मात्र अजून तेथे असतात. ती खुंट उपटतात, शेण गोळा करतात, एखाद्या लंगडणाऱ्या बैलासाठी टेम्पोची वाट पाहतात. कायद्याने ज्यांना आयोजक म्हणायचे ते हेच. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांची नावे आधी छापली जावीत, आणि त्या नावांच्या वजनाला साजेल इतका अधिकार त्यांच्या हाती असावा. अन्यथा एखाद्या अपघातानंतर सही करायला पुढे होणारा तरुण मिळणार नाही. तो मागे सरला की फलकावरील चेहरे कितीही मोठे असले तरी पट भरणार नाही, आणि कंधारी-देवणीची तुलना करायला माळावर जनावरही उभे राहणार नाही.